मधले आकडे

पडणे ही गोष्ट शिकवायला फार वाईट. लंबक बरा. तो बिचारा येतो, जातो, पुन्हा येतो, शेवटच्या बाकावरच्या पेंगणाऱ्यालाही दिसेपर्यंत डोलत राहतो. पडणारी वस्तू मात्र कुणासाठी थांबत नाही. माझ्या नोकरीची बरीच वर्षे हातातून डस्टर सोडण्यात गेली. ‘इकडे बघा’ म्हणायचे आणि सोडायचे. मुलांनी मान वर करेपर्यंत डस्टर फरशीवर, खडूची धूळ माझ्या साडीवर, आणि वर्गाच्या चेहऱ्यावर ‘पडलं, मग?’ असा भाव. मग मी फळ्याकडे वळून सूत्र लिहायचे. मुले सूत्र पाठ करायची, परीक्षेत लिहायची, आणि डस्टर विसरून जायची.

हर्सूलच्या बाजूला असलेल्या आमच्या शाळेत संगणक कक्ष आला तेव्हा मुख्याध्यापकांनी नारळ फोडून त्याचे उद्घाटन केले. पहिल्या संगणकाच्या पडद्याच्या कोपऱ्यात त्या दिवशी लागलेले कुंकू अजून आहे, ते पुसायची कुणाची हिंमत झाली नाही. आत जायचे तर चपला दाराबाहेर काढायच्या. प्रत्येक यंत्राला फुलाफुलांच्या कापडाचे झाकण. एकंदर देवघराचा थाट. त्या देवघरात मी एका प्रशिक्षणातून शिकून आलेले एक सिम्युलेशन सुरू केले. पडद्यावर एक उंच मनोरा, त्यावर घरे आखलेली, टोकाला चेंडू, आणि खाली ‘सोडा’ असे बटण. चेंडू पडताना दर ठोक्याला मागे एक ठिपका ठेवून जायचा. उंची बदलता यायची, चेंडूऐवजी वीट किंवा भोपळा घेता यायचा, वेग मंद करता यायचा. मुख्य म्हणजे पडणारी वस्तू हवेत मधेच थांबवता यायची. पहिल्यांदा मी चेंडू असा अधांतरी थांबवला तेव्हा मला झालेला आनंद माझ्या वयाला शोभणारा नव्हता. इतक्या वर्षांनी ते पडणे माझ्या ताब्यात आले होते.

मुले त्याला ‘पडायचा गेम’ म्हणायची. त्यात हवेचा विरोध चालू-बंद करायची सोय होती. जूनच्या उकाड्यात, वीज गेलेली, पंखे थांबलेले, संगणक तेवढे इन्व्हर्टरवर, आणि मागून कुणीतरी गंभीरपणे विचारायचे, “मॅडम, हवा बंद करू का?” माझा मूळ स्वभाव रागीट आहे, पण या प्रश्नाला मी दर वेळी हसले आहे.

एक शिस्त मात्र मी कडक ठेवली होती. बटण दाबण्याआधी प्रत्येकाने अंदाज लिहायचा. त्यासाठी मी जुन्या दगडी पाट्या मिळवल्या होत्या. आधी पाटी, मग बटण. संगणक कक्षात खडूची धूळ होते म्हणून मुख्याध्यापक नाराज होते, ते त्यांनी दोनदा बोलूनही दाखवले. मी ऐकून घेतले आणि पाट्या तशाच चालू ठेवल्या. अंदाज न बांधता नुसते बघणाऱ्याला पडद्यावर काहीही पडले तरी त्याचे काही वाटत नाही, असे माझे मत होते आणि आहे.

त्या वर्षी दहावीच्या वर्गात कन्नड तालुक्यातल्या एका खेड्यातली मुलगी होती. हर्सूलला मावशीकडे राहून शिकायची, शनिवारी एसटीने गावी जायची. बोलायला धीट, पाटी सगळ्यांच्या आधी वर करणारी. वडील शेतकरी. ते विहिरीचे पाणी किती खोल आहे हे खडा टाकून अचूक सांगतात, हे तिने पहिल्याच आठवड्यात अख्ख्या वर्गाला ऐकवले होते. खडा सोडायचा, डोळे मिटायचे, आणि ‘डुबुक’ ऐकू येईपर्यंत एका लयीत भराभर मोजत जायचे. आवाज आला की जो आकडा तोंडात असेल तितके परस पाणी खाली. परस म्हणजे उभ्या माणसाएवढी खोली. गावात कुणालाही विहिरीत मोटर उतरवायची असली, पाइपाचे किती तुकडे जोडायचे हे ठरवायचे असले, की तिच्या आबांना, म्हणजे वडिलांनाच, बोलावणे यायचे. हे सांगताना तिची मान ताठ व्हायची.

गुरुत्वाकर्षणाच्या धड्याला मी विचारले, पहिल्या ठोक्यात चेंडू एक घर खाली आला, तर दुसऱ्या ठोक्यात आणखी किती घरे येईल, तिसऱ्यात किती, चौथ्यात किती. बहुतेक पाट्यांवर एक, एक, एक होते. काही चतुर मुलांनी शेजाऱ्याचे बघून दोन लिहिले होते. ही मुलगी उभीच राहिली आणि म्हणाली, सारखीच येणार, आमच्या आबांची मोजणीच तशी आहे. तिने ती मोजणी करूनही दाखवली, एक-दोन-तीन-चार, अगदी एका तालात.

मी बटण दाबले. पहिल्या ठोक्याला एक घर. दुसऱ्याला तीन. तिसऱ्याला पाच, चौथ्याला सात. खाली जाताना ठिपके एकमेकांपासून लांब लांब पळत गेले. मागच्या बाकावरून एक मुलगा म्हणाला की, मग तुझ्या आबांची मोटर तर हवेतच लटकणार. वर्ग खदखदून हसला. अशा विनोदांना वर्ग हसतोच, पण तिचा चेहरा असा काही उतरला की मी सगळ्यांवर खेकसले.

ती खाली बसली नाही. पडद्याकडे बघत म्हणाली, “मॅडम, हे कुणीतरी बनवलंय ना? मग त्यानं सांगितलं तसंच पडणार की.”

मला राग आला आणि लगेच कौतुकही वाटले. मुद्दा खरा होता. पडद्यावरचा चेंडू पडत नव्हताच. कुणीतरी कुठेतरी बसून सूत्र लिहून ठेवले होते आणि चेंडू ते पाळत होता. मी फळ्यावर सूत्र लिहिले काय आणि पडद्यावर नाचवले काय, तिच्या लेखी दोन्ही एकच. मी तिला बरोबर आहेस म्हणाले आणि तास संपला.

दुसऱ्या दिवशी तिची पाटी कोरी. तिसऱ्या दिवशी पाटी उपडी ठेवलेली. हे मला चालत नाही. सुटीत मी तिला थांबवून घेतले आणि थोडे चढ्या आवाजातच विचारले. आधी तिने काही नाही म्हटले. मग एकदम सगळे सांगून टाकले.

त्या उन्हाळ्यात पाणी कधी नव्हे इतके खाली गेले होते. भावकीतल्या विहिरीवर नवी मोटर उतरवायची होती. तिच्या चुलत्याने नेहमीप्रमाणे आबांना बोलावले. आबांनी खडा टाकला, मोजले, आणि नऊ परस सांगितले. नऊच्या हिशेबाने पाइप जोडले, मोटर सोडली, बटण दाबले, तर पाणीच नाही. मोटर पाण्याच्या चार परस वर लटकत होती. सगळे पुन्हा वर ओढावे लागले. माणसे दमलेली, उन्हाने तापलेली, त्यात हसणारी दोन-चार होतीच. आबांनी त्यानंतर विहिरीवर जाणे सोडले. कुणी हाक मारली तरी गुडघा दुखतो म्हणतात. मृग कोरडा गेला होता, पाऊस लांबला होता, गावात पुन्हा मोटरी खाली सोडायच्या चालल्या होत्या, आणि आबा घरात बसून होते.

“इहीर बाटली, इटाळली म्हणत्यात आबा,” ती म्हणाली. “इहीर बाटली नाय, मोजणंच चुकत व्हतं, हे मला त्या दिवशी कळलं. आता त्यांना सांगू का नको सांगू? तुम्हीच सांगा मॅडम.”

विहिरीला दोष देऊन तो माणूस कसाबसा सावरून बसला होता. तू आयुष्यभर चुकीचे मोजत होतास, असे पोटच्या पोरीने येऊन सांगितले तर त्याच्याकडे काय उरेल? आणि नाही सांगितले तर तिच्याकडे काय उरेल? ती यापुढे वर्गात पाटी उपडीच ठेवणार होती. जे शिकले की घरातले माणूस लहान होते, ते शिकायला कुणाचे मन घेईल? मला मनापासून वाईट वाटले, आणि माझ्या त्या मनोऱ्याचाही थोडा राग आला.

मी तिला म्हटले की सांगायचे की नाही ते नंतर बघू, आधी आबा नेमके कुठे चुकतात ते शोधू. शाळा सुटल्यावर आम्ही संगणक कक्षात बसू लागलो. एक घर म्हणजे एक परस धरले आणि मनोऱ्याची विहीर केली. ती डोळे मिटून आबांच्या तालात मोजायची, मी उंची बदलत जायचे. दोन परसाला तिचा आकडा जास्त यायचा. सहा परसाला बरोबर सहा. तेरा परसाला नऊ. तो नऊ आल्यावर तिने डोळे उघडले आणि माझ्याकडे बघितले. उन्हाळ्यातला नऊ तो हाच होता.

तेव्हा गोष्ट उलगडली. त्यांच्या विहिरीचे पाणी वर्षानुवर्षे सहाच्या आसपास असायचे. आबांच्या मोजण्याचा ताल त्या सहावर बसला होता. तिथे तो खरा होता, आणि गावाने त्यांना मान दिला तो उगाच दिला नव्हता. पाणी त्याच्याही खाली जाऊ लागले तसा दगड पुढे पळू लागला आणि ताल मागे राहिला.

मग तिने विचारले की आबांना मोजता येईल असे दुसरे काही आहे का. सूत्र त्यांच्या कामाचे नाही, घड्याळ ते विहिरीवर नेणार नाहीत. मी ठिपक्यांकडे बोट दाखवले. पहिल्या ठोक्याला एक, दुसऱ्याच्या शेवटी सगळे मिळून चार, तिसऱ्याच्या शेवटी नऊ, चौथ्याच्या शेवटी सोळा. तिने ते हळूच म्हणून बघितले. वर्गसंख्या तिला पाठच होत्या, आमच्याकडे सातवीत घोकून घेतात. प्रश्न होता ठोका किती लांब धरायचा हा. ती उठली, माझ्या हातातला खोडरबर घेतला, डोक्याच्या उंचीवर धरला आणि सोडला. टप्प.

“हा एक परस,” ती म्हणाली. “हाच ठोका.”

इतकी वर्षे हातातून डस्टर सोडताना मला हे सुचले नव्हते. मापही त्याच माणसाचे आणि ठोकाही त्याच माणसाचा, घड्याळाचे काही कामच नाही. मी तिच्या पाठीवर थाप मारली, ती जरा जोरातच बसली.

पण तिचा पहिला प्रश्न तसाच उभा होता. हे सगळे पडद्याने सांगितले होते, आणि पडदा कुणीतरी सांगितलेले बोलतो. तेव्हा दुसऱ्या दिवशी आम्ही शाळेच्या गच्चीवर गेलो. शिपाईमामांना खाली उभे करून कुणी येणार नाही ना ते बघायला सांगितले. गच्चीची उंची दोरीने मोजली, ती जवळजवळ चार परस भरली. तिने डोक्यापासून खडा सोडून ठोका कानात बसवून घेतला, मग कठड्यावरून दुसरा खडा सोडला आणि म्हणाली, “एक… चार.” ‘चार’ म्हणायला आणि खालून टप्प यायला एकच गाठ पडली. पुन्हा टाकला, पुन्हा तेच. पाच-सहा वेळा टाकल्यावर तिचा विश्वास बसला. खरे सांगायचे तर माझाही त्या गच्चीवरच बसला. इतकी वर्षे मी हे पुस्तकातून खरे मानत आले होते, कानाने पहिल्यांदा ऐकले. कशाकडे लक्ष द्यायचे ते पडद्याने शिकवले होते. होकार मात्र खड्याचाच लागत होता.

त्यानंतरच्या शनिवारी पालकसभा होती. तिचे आबा सहसा येत नसत, मावशी यायची. या वेळी तिने काय निरोप धाडला कोण जाणे, पण ते आले. उंच, काटक माणूस, धुवट पांढरा शर्ट, डोक्यावर टोपी. सभा संपल्यावर ती त्यांना संगणक कक्षाकडे घेऊन आली. त्यांनी दाराशी वहाणा काढल्या, आत आले, आणि पडद्यावरचे कुंकू बघून कुणाच्या लक्षात येणार नाही असे हात जोडले.

मी ठरवले होते की मी बोलायचे नाही. काय सांगायचे आणि कसे, हे तिचे तिने ठरवू दे. तिने त्यांना खुर्चीवर बसवले, ही विहीर आहे असे सांगितले आणि मोजा म्हणाली. डोळे मिटून बसलेल्या त्या माणसाला तिने आधी सहा परसाची विहीर दिली. चेंडू सुटला, ओठ हलले, संगणकातून टप्प आवाज आला. “सा,” ते म्हणाले. डोळे उघडून पडद्यावर सहा बघितल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर समाधान आले. उन्हाळ्यापासून कुणी त्यांना बरोबर म्हटले नसावे.

मग तिने तेरा केले. चेंडू सुटला, ओठ हलत राहिले, टप्प झाले. ते म्हणाले, “नऊ.” आणि डोळे उघडण्याआधीच त्यांना कळले असावे, कारण बराच वेळ त्यांनी ते उघडलेच नाहीत.

“ह्योच नऊ म्या तवा बोललो व्हतो,” ते म्हणाले.

“व्हय, आबा. तुमचं मोजणं एकसारखं हाय. दगड एकसारखा पडत नाय. खाली जाता जाता त्यो लई जोरात जातो.”

“मंग इतकी वर्सं बरूबर कसं येत व्हतं?”

ती माझ्याकडे बघू लागली. मी एवढेच म्हटले की पाणी सहावर होते तोवर तुमचा ताल खरा होता. पाणी खाली गेले, ताल तिथेच राहिला. त्यांनी ते मनात घोळवले. खिडकीतून बाहेर मैदानाकडे बघत राहिले. मला वाटले आता हा माणूस उठून जाणार, वहाणा घालणार, आणि ही पोर पुन्हा पाटी वर करणार नाही.

ते उठले खरे. पण तिला विचारले, “मंग कसं मोजावं?”

तिने खोडरबर त्यांच्या हातात दिला. तुमच्या डोक्यापासून सोडा म्हणाली. त्यांनी सोडला. पुन्हा सोडला. ठोका कानात बसेपर्यंत त्या देवघरात खोडरबर पडत राहिला, आणि मग बापलेक मिळून म्हणू लागले, एक, चार, नऊ, सोळा. ते चौथीपर्यंत शिकलेले होते. सोळाच्या पुढचा आकडा त्यांनी तिला विचारला, तिने पंचवीस सांगितला. पंचवीस परस पाणी गेल्यावर मोजून काय करायचे, असे काहीतरी ते पुटपुटले आणि पहिल्यांदाच हसले. जाताना मला म्हणाले, उद्या भावकीच्या विहिरीवर मोटर खाली सोडायची आहे, त्यांना बोलावलेले नाही, तरी ते जाणार आहेत. तुम्ही पण या मॅडम, घरी भाकरी खाऊन जा.

रात्री मी स्वस्थ झोपले असे म्हणणार नाही. पडद्यावरची विहीर सरळ असते, तिच्यात कडेचे दगड, कपारीतली झुडपे, घुमणारा आवाज असले काही नसते. गच्चीवर चार परसाला जमले ते चौदा-पंधरा परसाला जमेलच असे मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नव्हते. चार माणसांसमोर आकडा दुसऱ्यांदा चुकला तर तो माणूस पुन्हा घराबाहेर पडणार नाही, आणि या वेळी ते माझ्या संगणकाने घडवलेले असेल. खुलताबादवरून जाणाऱ्या एसटीत खिडकीशी बसून मी मनात ठोके मोजत होते. शेजारच्या बाईने मला जप चालला आहे का विचारले, मी हो म्हटले.

विहिरीवर आम्ही तिघे पोहोचलो तेव्हा पाइपाचे तुकडे काठावर पसरलेले होते. चुलत्याच्या हातात दोर होता, टोकाला रिकामा प्लॅस्टिकचा डबा बांधलेला, एकेका परसावर गाठ. आबांना बघून कुणी या म्हणाले नाही, कुणी नको म्हणाले नाही. आबांनीच एक खडा उचलला. आधी आणखी एक उचलून डोक्यापासून पायाशी टाकला, ते कशासाठी ते आम्हा तिघांखेरीज कुणाला कळले नाही. मग काठावर उभे राहून डोळे मिटले आणि हात मोकळा केला.

“एक… चार… नऊ…”

आवाज यायच्या आत मी तिच्या हाताला घट्ट धरले होते, हे मला नंतर तिच्या मनगटावरून कळले. खालून डुबुक ऐकू आले, नऊच्या बरेच पुढे, सोळाच्या जरासे अलीकडे. आबांनी डोळे उघडले. “चौदा धरा,” ते म्हणाले.

कुणीतरी फिसकन हसले. चुलत्याने दोर सोडायला सुरुवात केली. गाठी हातातून सरकत गेल्या. नववी गाठ गेली, दहावी गेली, मी दुसरीकडे बघू लागले. मुलगी मोठ्याने मोजत होती. चौदावी गाठ काठावर आली, वीतभर दोर आणखी गेला, आणि दोर ढिला पडला. चुलत्याने तो हलवून बघितला. डबा पाण्यावर तरंगत होता.

मला रडू आले. डोळ्यात माती गेली असावी असे भासवण्याइतकी मी चतुर आहे, पण तिथे कुणी माझ्याकडे बघत नव्हते. सगळे आबांकडे बघत होते. चुलत्याने दोर वर ओढून गोळा केला आणि पाइप जोडायला सांगितले, चौदाच्या वर एक तुकडा जास्त. मग आबांजवळ येऊन उभा राहिला.

“दादा, हे कसलं मोजणं? मधले आकडे कुठं गेले?”

“मधले आकडे दगड खातो,” आबा म्हणाले. “खाली जाईल तशी त्याची भूक वाढती. मव्ह्या लेकीनं दावलं मला.”

ती खाली बघून पायाच्या अंगठ्याने माती उकरत होती. मोटर उतरली, बटण दाबले, आणि थोड्या वेळाने पाइपातून आधी हवा, मग गढूळ, मग बरे पाणी आले. माणसे तिकडे वळली. पलीकडच्या शेतातला एक म्हातारा मात्र आबांपाशी थांबला. त्याच्या वरच्या विहिरीवरही मोटर खाली घ्यायची होती. परवा येता का, त्याने विचारले.

आबांनी लेकीकडे बघितले.

“येतो,” ते म्हणाले. “पण ऐतवारी येतो. परवा तिची शाळा असती.”